जळक्या साखरेचा थर: लिथियम आयर्न फॉस्फेटचं एक प्रकरण

ॲल्युमिनाच्या दोन छोट्या पांढऱ्या होड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्हींत एकच पदार्थ, लिथियम आयर्न फॉस्फेट, एकाच दिवशी एकाच नळीभट्टीत ७०० अंशांवर भाजलेला. एकीतली पूड फिकट राखाडी, किंचित हिरवट झाक असलेली. दुसरीतली काजळासारखी काळी. बोटाला लागली तर दोनदा साबण लावल्याशिवाय निघत नाही. फरक एवढाच, की दुसऱ्या होडीतल्या मिश्रणात भट्टीत सारण्याआधी थोडी साखर विरघळवून घातली होती. आपण चहात घालतो तीच.

राखाडी पुडीचा सेल बनवला, तर सावकाश चार्ज-डिस्चार्ज करतानाही तो मिळायला हवी त्यापेक्षा बरीच कमी क्षमता देतो आणि करंट थोडा वाढवला की जवळजवळ बसतोच. काळ्या पुडीचा सेल व्यवस्थित चालतो. बॅटरीच्या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी या दोन होड्या आधी दाखवतो, कारण कॅथोडवरच्या, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाच्या पदार्थावरच्या, पृष्ठप्रक्रियेबद्दल जे शिकायचं ते बहुतेक सगळं या एका प्रकरणात आहे. पदार्थाचा दोष स्फटिकाच्या आत होता आणि इलाज झाला त्याच्या कातडीवर. शिवाय इलाज लागू पडल्यानंतरही तो नेमका कशानं लागू पडला, यावर जाणत्या माणसांचा वाद कित्येक वर्षं चालला.

चांगला स्फटिक, पण वीज वाहीना

जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दाखवला. पुढं १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती त्याच पदार्थावर. पण कोबाल्ट महाग, आणि जास्त चार्ज झालेल्या, तापलेल्या कोबाल्ट ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो. ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला आयन वाहून नेणारा द्रव, शेजारी असताना सुटलेला ऑक्सिजन म्हणजे आगीला आवतणच. म्हणून लोहाकडे लक्ष वळलं. लोह स्वस्त, मुबलक, आणि फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तो सहजी सुटत नाही.

ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात गुडइनफ यांच्या गटानं १९९७ मध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, कॅथोड म्हणून जाहीर केलं. त्या शोधनिबंधावर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. मला ती मुद्दाम सांगावीशी वाटतात. गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हाच्या बातम्यांत ती फारशी आली नव्हती.

निबंधातले आकडे प्रामाणिक होते आणि थोडे निराश करणारेही. या पदार्थाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १७० मिलीअँपिअर-तास. प्रत्यक्षात सूत्रातल्या एका लिथियमपैकी सुमारे ०.६ एवढंच बाहेर निघत होतं, म्हणजे शंभराच्या आसपास, आणि तेही अगदी कमी करंटवर. व्होल्टेज मात्र देखणं: लिथियमच्या तुलनेत ३.४ ते ३.४५, आणि आलेखात चार्ज-डिस्चार्जची रेघ जवळजवळ सपाट.

अडचण रचनेत होती. एलएफपीत लोहाभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक एकमेकांना फक्त कोपऱ्यांनी जोडलेले असतात आणि मध्ये फॉस्फेटचे गट येतात. इलेक्ट्रॉनला एका लोहावरून दुसऱ्यावर जाणं जड पडतं. विद्युतवाहकता सेंटिमीटरमागे सुमारे एक अब्जांश सीमेन्स. कोबाल्ट ऑक्साइडची त्याच्या दहा लाख पट. लिथियम आयनही या स्फटिकात मोकळेपणानं फिरत नाहीत. ते एकाच दिशेच्या बोगद्यांतून सरकतात, आणि बोगद्यात लिथियमच्या जागी चुकून एखादा लोहाचा अणू बसला की वाट अडते. कण जेवढा मोठा, तेवढी अशी अडवणूक होण्याची शक्यता जास्त.

इलेक्ट्रोड बनवताना पुडीत कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी कार्बनची पूड, मिसळतातच. ते या पदार्थालाही मिसळलं होतं. पण कार्बन ब्लॅकचा कण एलएफपीच्या कणाला एखाद्याच बिंदूवर टेकतो. जुन्या वाड्याला चहूबाजूंनी दारं असावीत आणि किल्ली एकाच दाराची मिळावी, तसं. लिथियम सगळीकडून आत शिरायला तयार, पण त्याच्या जोडीला लागणारा इलेक्ट्रॉन एकाच कोपऱ्यातून येणार, आणि आतून पलीकडे जाणं तर त्याला जमत नाही. कणाचा बराच भाग वापराविनाच राहतो.

माँट्रियलचा इलाज

साखरेची कल्पना आली कॅनडातल्या क्विबेकमधून. हायड्रो-क्विबेक ही तिथली वीज कंपनी तेव्हा घन पॉलिमर इलेक्ट्रोलाइटच्या लिथियम बॅटऱ्यांवर काम करत होती आणि बॅटरी-संशोधक मिशेल आर्मां माँट्रियलमध्ये होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये होनोलुलूला भरलेल्या इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या परिषदेत नाताली रावे, आर्मां आणि सहकाऱ्यांनी कार्बनचा थर दिलेलं एलएफपी मांडलं. सहलेखकांत गुडइनफही होते. साखरेसारखा सेंद्रिय पदार्थ मिश्रणात घालायचा आणि निष्क्रिय वायूत भाजायचा. साखर वितळते, कणांवर पसरते, करपते आणि शेवटी कोळसा होऊन तिथंच चिकटते. अवघ्या १ टक्का कार्बनवर ग्रॅममागे सुमारे १६० मिलीअँपिअर-तास निघाले.

यातली एक अट मात्र बारकाईनं वाचायला हवी. ती चाचणी ८० अंश सेल्सिअसला, पॉलिमर इलेक्ट्रोलाइटमध्ये आणि दहा तासांत एक डिस्चार्ज या संथ गतीनं झाली होती. हायड्रो-क्विबेकच्या बॅटऱ्या गरम असतानाच चालायच्या, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं हे योग्यच होतं. पण गरम सेलमध्ये आयनही पळतात आणि इलेक्ट्रॉनही. घरातल्या तापमानाला काय होईल, ते त्या आकड्यावरून कळत नव्हतं.

त्याचं उत्तर २००१ मध्ये कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठातून आलं. लिंडा नझार यांच्या गटानं कार्बनच्या जेलमध्ये एलएफपी घडवलं आणि साध्या तापमानाला, दोन तासांच्या डिस्चार्जलाही सैद्धांतिक क्षमतेच्या ९० टक्के मिळवून दाखवले. एलएफपी चालतं, हा प्रश्न तिथं मिटला. पण त्यांच्या मिश्रणात कार्बन १५ टक्क्यांच्या घरात होता, आणि तो आकडा कारखान्याच्या माणसाला परवडणारा नव्हता. त्याबद्दल पुढे.

थर म्हणजे किती?

हा हिशोब प्रत्येकानं एकदा स्वतःच्या हातानं करून पाहावा. कण २०० नॅनोमीटर व्यासाचा आणि गोल धरू. एलएफपीची घनता ३.६, कार्बनची साधारण २. शंभर ग्रॅम मालात २ ग्रॅम कार्बन असेल, तर ९८ ग्रॅम एलएफपीचं आकारमान २७.२ घनसेंटिमीटर आणि कार्बनचं १. हा कार्बन सगळ्या कणांवर एकसारखा पसरवला तर थराची जाडी येते सुमारे १.२ नॅनोमीटर. ग्राफाइटमधल्या दोन पापुद्र्यांतलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या हाती आले तीन-चार पापुद्रे. आणि एका ग्रॅम पुडीचं पृष्ठफळ सव्वाआठ चौरस मीटर, एखाद्या लहान खोलीच्या फरशीएवढं.

इतका पातळ थर सगळीकडे सारखा बसेल ही अपेक्षा धरू नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर कुठं थर जाड, कुठं कण उघडा, कुठं दोन कणांच्या खाचेत कार्बनचा गोळा. तरी काम भागतं, कारण एकेका कणाभोवती अखंड कवच असण्याची गरजच नसते. कणाच्या बहुतेक बाजूंना वीज पोचली म्हणजे पुरे. उलट थर जाड आणि बिनछिद्राचा झाला, तर लिथियमचीच वाट बंद होते.

घातलेल्या साखरेवरून उरलेला कार्बन मोजायला जाऊ नये. साखरेच्या वजनात कार्बन ४२ टक्के, पण तो सगळा मागे राहत नाही; वाफ आणि धुरासोबत बराचसा निघून जातो. नवखी माणसं मग पूड हवेत तापवून वजनातली घट मोजतात. एलएफपीच्या बाबतीत तेही फसवं आहे. कार्बन जळून वजन घटतं त्याच वेळी लोह ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्या मालाचं वजन सुमारे ५ टक्क्यांनी वाढतं. दोन टक्के कार्बन असलेली पूड हवेत जाळल्यावर आधीपेक्षा जड भरते. मूलद्रव्य विश्लेषकावर कार्बन थेट मोजावा, हे बरं.

आणि कार्बन किती, एवढंच विचारून भागत नाही. कोणता, हेही विचारावं लागतं. बर्कलीत मार्का डोफ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रामन वर्णपट, म्हणजे लेझरचा प्रकाश टाकून परतणाऱ्या प्रकाशाचा आलेख, घेऊन दाखवलं, की थरातला कार्बन जितका ग्राफाइटसारखा, तितका सेल चांगला चालतो. वर्णपटात सेंटिमीटरमागे १३५० तरंगांच्या आसपास अस्ताव्यस्त कार्बनचा पट्टा येतो आणि १५९० च्या आसपास ग्राफाइटी कार्बनचा. त्यांची तुलना करायची. ग्राफाइटी कार्बन हवा तर तापमान वाढवावं लागतं. पण ८०० अंशांच्या पुढं कार्बन फॉस्फेटवरच हल्ला करतो, आयर्न फॉस्फाइड तयार होऊ लागतं आणि कणही वाढतात. म्हणून ६५० ते ७५० या पट्ट्यात सगळे घुटमळतात.

भट्टीतली एक रात्र

माझ्या विद्यार्थिदशेतली गोष्ट. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी रात्रभराची बॅच लावली. आयर्न ऑक्झलेट, अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट, लिथियम कार्बोनेट आणि साखर; बॉल मिलमध्ये दळून, वाळवून, गोळ्या दाबून होडीत ठेवलेली. आर्गॉनच्या सिलिंडरवरचा काटा मी संध्याकाळी पाहिला होता, पण तो सकाळपर्यंत पुरेल का याचा हिशोब केला नव्हता. पहाटे कधीतरी सिलिंडर संपला, भट्टी तापलेलीच होती आणि नळीच्या मागच्या टोकातून हवा आत शिरली.

सकाळी होडी बाहेर ओढली तर गोळ्यांच्या कडा विटेसारख्या तांबड्या. एक गोळी चिमट्यानं मोडली. बाहेर तांबडं, त्याच्या आत तपकिरी पट्टा, आणि गाभा काळाभोर. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, तांबड्या भागात आयर्न ऑक्साइड आणि तीन-संयुजी लोहाचं लिथियम फॉस्फेट सापडलं. गाभा मात्र शुद्ध एलएफपी होता. बॅच वाया गेली, पण त्या मोडलेल्या गोळीनं मला साखरेचं दुसरं काम दाखवलं. कार्बन नुसता वीज वाहून नेत नाही, तो भट्टीत लोहाची राखण करतो. एलएफपीत लोह दोन-संयुजी राहायला हवं, आणि ऑक्सिजनचा मागमूस जरी लागला तरी ते तीन-संयुजी होऊ पाहतं. आत शिरलेल्या हवेला बाहेरचा कार्बन आधी भिडला, जळून गेला; गाभ्यापर्यंत ती पोचेपर्यंत भट्टी थंड झाली होती.

याच गुणाचा कारखान्यांनी पुढे भरपूर उपयोग केला. महागड्या ऑक्झलेटऐवजी स्वस्त तीन-संयुजी आयर्न फॉस्फेट घ्यायचं आणि कार्बनकडूनच त्याचं क्षपण करून घ्यायचं, म्हणजे लोह दोन-संयुजी करून घ्यायचं. व्हॅलेन्स टेक्नॉलॉजीच्या जेरी बार्कर यांनी कार्बनी क्षपणाची ही वाट रुळवली.

तिसरं काम आणखी गुपचूप होतं. भाजताना शेजारशेजारचे कण एकमेकांत विरघळून मोठे होतात; मध्ये कार्बन असला की त्यांना एकत्र येता येत नाही. म्हणजे साखर घातलेली पूड फक्त लेप दिलेली नसते, ती बारीकही असते. नेमक्या याच गोष्टीवरून पुढचा सगळा वाद झाला.

श्रेय कुणाला द्यायचं?

२००२ मध्ये एमआयटीच्या येट-मिंग चियांग यांच्या गटानं नेचर मटेरियल्समध्ये जाहीर केलं, की नायोबियम, झिर्कोनियम यांसारख्या धातूंचा अल्प अंश स्फटिकात मिसळल्यानं एलएफपीची वाहकता दहा कोटी पटीनं वाढते. लेपाची गरजच नाही, दोष आतून दुरुस्त होतो, असा त्याचा अर्थ होता. खळबळ उडाली.

रावे, आर्मां आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात हरकत घेतली: वापरलेल्या कच्च्या मालात सेंद्रिय भाग आहे, तो जळून कार्बन उरला असणार, आणि मोजली गेली ती त्याची वाहकता. २००४ मध्ये नझार यांच्या गटानं सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या सीमांवर धातूसारख्या वाहक फॉस्फाइडचं बारीक जाळं दाखवलं. नंतर फ्रान्समधल्या आमियाँच्या क्रिस्तियाँ मास्कलिये यांच्या गटाला नायोबियम स्फटिकात शिरलेलं दिसेना. ते वेगळं फॉस्फेट होऊन बाजूला बसलं होतं.

मला या वादातली शिस्त आवडते. कुणी कुणाला खोटं ठरवलं नाही. सेल चांगला चालतो हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न एवढाच होता, की आपण जे बदललं असं मानतो तेच बदललं का. भट्टीत एक गोष्ट घातली की तीन गोष्टी बदलतात, आणि आपण नाव मात्र आपल्या आवडत्या कारणाचं देतो.

मग उलट्या बाजूनंही प्रश्न आला. मास्कलिये यांच्याच गटानं २००६ मध्ये पाण्यातून, जेमतेम शंभर अंशांच्या वर, १४० नॅनोमीटरच्या आसपासचे कार्बनविरहित कण बनवले, आणि लेप नसतानाही ते वेगवान डिस्चार्जला उत्तम चालले. पुढच्या वर्षी स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानाच्या मिरान गाबर्शचेक आणि सहकाऱ्यांनी निबंधाच्या शीर्षकातच विचारलं, की कणाचा आकार कार्बनच्या लेपापेक्षा महत्त्वाचा आहे का. अनेकांचे निकाल एकत्र मांडून त्यांनी दाखवलं, की सेलचा अंतर्गत अडथळा मुख्यतः कणाच्या आकाराबरोबर चढतो-उतरतो. इलेक्ट्रॉन सर्व बाजूंनी पोचावेत एवढी सोय झाली, मग ती लेपानं होवो की नीट मिसळलेल्या कार्बन ब्लॅकनं, की पुढं सगळं आकारावर.

मला स्वतःला ल्युब्ल्यानाचं म्हणणं पटतं, पण त्यावरून लेप फालतू ठरवणं चुकीचं आहे. शेकडो किलोंची बॅच ७०० अंशांवर भाजताना कण बारीक राखण्याचा कार्बनपेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. लेप वीज पोचवण्याचं काम करतो तेवढंच कण बारीक ठेवण्याचंही करतो, असं म्हटलं तर दोन्ही निरीक्षणं जुळतात.

२००९ मध्ये पुन्हा एक ठिणगी पडली. एमआयटीचेच ब्युंगवू कांग आणि गेरब्रांड सेडर यांनी कणांवर फॉस्फेटचा काचेसारखा, आयन वाहणारा थर देऊन काही सेकंदांत डिस्चार्ज होणारं एलएफपी दाखवलं. सर्वांत वेगाच्या चाचणीत त्यांच्या इलेक्ट्रोडमध्ये ६५ टक्के कार्बन होता. गुडइनफ, करीम झगीब आणि सहकाऱ्यांनी त्या दाव्याला आधार नाही असं छापील उत्तर दिलं. लेपाबद्दलचा कुठलाही निबंध हाती आला की मी आधी इलेक्ट्रोडमध्ये एकूण कार्बन किती ते शोधतो, ते तेव्हापासून.

किलोमागची किंमत

कॅनडातल्या डलहौजी विद्यापीठात चेन आणि जेफ डान यांनी २००२ मध्येच दाखवलं होतं, की कार्बनचा प्रत्येक टक्का पुडीला फुगवतो. वजनात तो थोडा, पण ठोकून भरलेल्या पुडीची घनता त्यानं झपाट्यानं घसरते. एलएफपी मुळातच कोबाल्ट ऑक्साइडपेक्षा हलकं. त्यात कण बारीक, त्यात वर कार्बन. सेलच्या डब्यात माल कमी मावतो आणि फॉइलवर थर द्यायला बाइंडर, म्हणजे कण चिकटवून धरणारा पदार्थ, जास्त लागतो. म्हणून १५ टक्क्यांचा कार्बन प्रयोगशाळेतच राहिला आणि कारखाने एक-दोन टक्क्यांच्या आसपास स्थिरावले. बारीक कण फवारून त्यांचे काही मायक्रॉनचे गोळे बांधायचे आणि मग भाजायचे, ही युक्तीही त्यातूनच आली.

इथं एक गल्लत टाळायला हवी. कोबाल्ट किंवा निकेलच्या कॅथोडवर ॲल्युमिना, झिर्कोनियाचे जे लेप देतात, त्यांचं काम निराळं. ते वीज वाहत नाहीत. चढ्या व्होल्टेजला इलेक्ट्रोलाइटपासून आणि त्यातल्या आम्लापासून कणाचं रक्षण करतात. एलएफपी ३.४५ व्होल्टवर काम करतं, तिथं इलेक्ट्रोलाइट शांत असतो. 'कोटिंग' हा शब्द एकच, दुखणी दोन. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन महिने घालवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

२०२३ मध्ये जगभरच्या विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांत, क्षमतेनुसार मोजलं तर, ४० टक्क्यांहून जास्त वाटा एलएफपीचा होता. आपल्याकडच्या रस्त्यांवरच्या नेक्सॉन ईव्हीतही तेच आहे. हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन संस्थेनं कार्बनचा थर दिलेलं एलएफपी देशात बनवण्याची पद्धत विकसित केली आहे.

सध्या माझ्या टेबलावरच्या होड्यांत लोहासोबत मँगनीजही आहे. मँगनीजमुळे व्होल्टेज ४.१ च्या घरात जातं, पण लिथियम मँगनीज फॉस्फेट विजेच्या बाबतीत एलएफपीपेक्षाही आळशी, आणि त्याच्यावर कार्बन नीट बसत नाही. लोहाच्या पृष्ठभागावर साखर जशी पसरून चिकटते तशी मँगनीजवर चिकटत नाही. हायड्रो-क्विबेकच्या झगीब यांच्या गटानं २०१२ मध्ये त्यावर एक उपाय मांडला होता: मँगनीज फॉस्फेटच्या कणावर आधी एलएफपीचा पातळ थर द्यायचा आणि त्यावर कार्बनचा. लेपावर लेप. गेल्या आठवड्यात तशी पहिली बॅच काढली. पूड काळी आली आहे, गाभाही काळा आहे, आणि चाचणीचे बटणाएवढे कॉइन सेल हवाबंद ग्लव्ह बॉक्समधून बाहेर यायचे आहेत.